काही करत नाही तो

साखळीचा आकडा सुटल्याचा खट्ट आवाज झाला आणि अनुपमाच्या मानेवर काटा आला. आवाज तो केवढासा! शेजारी दुसरं कुणी असतं तर त्याच्या कानावरही पडला नसता. पण जंबो घरात आल्यापासून हा आवाज तिने इतक्या वेळा ऐकला होता, आणि त्याच्यामागून जे येतं तेही इतक्या वेळा निस्तरलं होतं, की आता तो कानाला न कळता सरळ मानेत शिरायचा. ती तंबूत वाकून सतरंजी अंथरत होती. बाहेर गाडीतून सामान काढता काढता चिंतामणीने कुत्र्याला मोकळं सोडलं होतं. वळून बघायची गरज नव्हती. आता पळत्या पावलांची धबधब, मग क्षणभर शांतता, मग कुणाची तरी किंकाळी, आणि मग ते वाक्य. तिने सतरंजीची सुरकुती हाताने सारखी केली आणि वाट बघितली. धबधब झाली. शांतता झाली. एका लहान मुलीची किंकाळी आली. आणि पाठोपाठ चिंतामणीचा तो मोकळा, हसरा, सगळ्या जगाला समजूत घालणारा आवाज : "काही करत नाही हो तो! घाबरू नका, काही करत नाही!"

ती बाहेर आली तर पलीकडच्या तंबूसमोरच्या चटईवर जंबो उभा होता आणि त्याचं तोंड पुऱ्यांच्या डब्यात होतं. अल्सेशियन कुत्रा, नुसता उभा राहिला तरी अनुपमाच्या कमरेला लागणारा. पनवेलहून आलेला एक तरुण, गंधार त्याचं नाव हे मागाहून कळलं, चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर धरून उभा होता आणि मुलगी बापाचे केस मुठीत घेऊन थरथरत होती. "साहेब, पकडा ना त्याला," गंधार म्हणाला, "श्रियाला एकदा कुत्रा चावलाय. ती फार घाबरते." चिंतामणी जागचा हलला नाही. कमरेवर हात ठेवून, कौतुकाने बघत तो म्हणाला, "मग तर उत्तमच. भीती मोडेल तिची. हात लावू दे तिला, बघ कसा गप्प उभा राहतो." अनुपमाने हलक्या आवाजात 'जंबो' म्हटलं. कुत्रा तोंडात अर्धी पुरी तशीच धरून तिच्याकडे आला. तिने पट्ट्याला साखळी लावली, आणि तिच्या तोंडून नेहमीचं स्तोत्र सुरू झालं. "सॉरी हां. खरंच सॉरी. डबा द्या, मी धुऊन आणते. आमच्याकडे पोळ्या आहेत, भाजी आहे, संकोच करू नका. श्रिया ना तू? घाबरलीस, बाळा?" शब्द आपसूक येत होते, नळ सोडल्यासारखे. बोलता बोलता तिने मागे पाहिलं. चिंतामणी तंबूत जाऊन तिने नुकत्याच अंथरलेल्या सतरंजीवर आडवा झाला होता. त्याच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं.

कापडे गावाच्या पुढे डोंगर चढून गेलं की वाडीच्या अलीकडे हा माळ लागतो. तिथून खाली सावित्रीचं खोरं दिसतं, भात कापून मोकळी झालेली खाचरं दिसतात, आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सगळ्यावर धुराची एक निळी पट्टी येऊन बसते. माळ वाडीच्या चराईचा. वाडीतल्याच चंदनने मुंबईची नोकरी सुटल्यावर कडेच्या सपाटीवर मोजके तंबू टाकले होते. महाड-पनवेलकडची माणसं शनिवार-रविवार येऊ लागली होती. पाणवठ्याला जायची गुरांची वाट तंबूंना लागूनच होती, म्हणून गावकीने त्याला एकच अट घातली होती, गुरांना उपद्रव होता कामा नये. चंदनने ती फळीवर पांढऱ्या रंगाने लिहून आंब्याला ठोकली होती : कुत्रे बांधून ठेवावेत, घाण ज्याची त्याने उचलावी, वाडीची गुरं इथून जातात. चिंतामणीने गाडी त्या फळीखालीच उभी केली होती.

संध्याकाळी चंदन आला तो सरळ तिच्याकडे. चूल पेटवत असलेल्या चिंतामणीला वळसा घालून. "मॅडम, सरांना जरा सांगाल का? आपल्याला कुत्र्याचा काय प्रॉब्लेम नाय. पण इकडे गाववाले लोक लगेच टेन्शन घेतात. आई माझी रोज बोलते, तुझे पाव्हणे माझ्या शेरड्या भिववतात. उद्या मीटिंग घेऊन बंद करा बोलले तर खल्लास ना सगळं." तुम्हीच सांगा ना त्यांना, ते काय समोरच आहेत, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच विरघळलं. "सांगते हं," ती म्हणाली. सगळे तिच्याकडेच का येतात? सोसायटीतल्या जिन्यात जंबोने घाण केली की बेल वाजते ती चिंतामणी कामावर गेल्यावर. तिच्या मेडिकलच्या काउंटरवर माणसं खोकल्याचं औषध घेतात आणि जाता जाता म्हणतात, वहिनी, तुमच्या कुत्र्याने रात्रभर झोपू दिलं नाही बघा. चिंतामणी रस्त्यात भेटला तर हीच माणसं त्याला हसून 'काय म्हणतो तुमचा वाघ?' असं विचारतात. वाघ त्याचा. वाघाचं भुंकणं तिचं.

आणि वाघाची घाणही तिचीच. एमआयडीसीतला एक सहकारी बदली होऊन गुजरातला गेला तेव्हा चिंतामणी हे पिल्लू खोक्यातून घरी घेऊन आला होता. तिला विचारलं नव्हतं. 'मैथिलीला सोबत होईल' एवढंच म्हणाला होता. त्यांची मुलगी मैथिली तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला मांजर हवं होतं. तेव्हापासून रोज उजाडताना अनुपमा जुना पेपर आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन कुत्र्यामागून महाडच्या चवदार तळ्याच्या बाजूने जाते, वाकते, उचलते, पिशवीला गाठ मारते. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणं थांबलं, वाकणं राहिलं. संध्याकाळी पाहुणे आले की चिंतामणी जंबोला 'शेकहँड' म्हणतो, कुत्रा पंजा देतो, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि ती आतून चहा घेऊन येते. तुडीलला ऑफिसची सहल गेली होती तेव्हा सावित्रीच्या काठी बायकांनी धुऊन दगडांवर पसरलेल्या साड्यांवरून जंबो चिखलाच्या पायांनी नाचला. चिंतामणी लांबून ओरडला, काही करत नाही तो. आणि अनुपमाने त्या अनोळखी बायकांच्या शेजारी बसून साड्या पुन्हा खळबळल्या, तेव्हा नदीचं पाणी कोपरापर्यंत गार लागलं होतं. दासगावला नणंदेच्या अंगणात त्याने वाळत घातलेले पापड तुडवले. तिने दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, पीठ मळून, पापड लाटून दिले. नणंद म्हणाली, दादाचं पहिल्यापासून असंच गं, मनाने मात्र निर्मळ. निर्मळ. तिला त्या दिवसापासून हा शब्द पोळपाटाला चिकटलेल्या पिठासारखा वाटत आला होता, खरवडला तरी न निघणारा.

हे तिला कुणी शिकवलं? चुलीपुढे बसून पोळ्या गरम करताना तिला पोलादपूरचं घर आठवलं. वडील टपाल खात्यात. माणूस सचोटीचा आणि तोंडाचा फाटका. विहिरीवरून, हद्दीच्या गडग्यावरून, कुणाच्या गाईने कुंपण खाल्लं त्यावरून ते भर रस्त्यात असं काही बोलायचे की ऐकणाऱ्याने पुन्हा दारात उभं राहू नये. ते बोलून मोकळे होत आणि जेवून झोपत. आई मात्र झोपत नसे. सकाळी ती काहीतरी करायची, फणसाची भाजी, घावन, नाहीतर गाय व्यायलेली असेल तर खरवस, आणि वाटीवर बशी झाकून त्या माणसाच्या घरी जायची. धाकटी अनुपमा तिचा पदर धरून बरोबर. आई तिथे वडिलांचं नावही काढायची नाही. नुसती वाटी पुढे करायची आणि म्हणायची, मुलांना द्या. त्या घरातली बाई वाटी घ्यायची आणि आईकडे बघायची. ती नजर अनुपमाला अजून आठवते. त्यात राग नसायचा. कीव असायची. लहानपणी तिला वाटायचं, आईमुळे गावात आपल्याला कुणी तोडलं नाही. आता, तवा निवत आलेला असताना, पहिल्यांदा तिच्या मनात आलं की एखाद्या दिवशी वाटी गेलीच नसती तर? वडिलांनाच जावं लागलं असतं कदाचित. किंवा गेले नसते, आणि मग निदान त्यांना कळलं तरी असतं की दारं बंद होतात.

"सोड गं त्याला," जेवताना चिंतामणी म्हणाला. आंब्याला बांधलेला जंबो माळावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावर भुंकत होता. "साखळीवर कुत्रा चिडका होतो. महाडला आठवडाभर बांधलेलाच असतो बिचारा. इथेही बांधायचं, तर आणायचं कशाला?"

"तेच तर. आणलं कशाला?"

"म्हणजे?"

"काही नाही," ती म्हणाली. मैथिलीने ताटातून डोळे वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातले. पोरीच्या त्या नजरेने अनुपमाला कसंतरी झालं. "चंदन सांगून गेलाय," ती नेटाने म्हणाली. "शेरड्या जातात इथून. पाटी वाचलीत का तुम्ही?"

"अगं, पाट्या लावाव्याच लागतात त्यांना. सगळ्यांची कुत्री काय आपल्या जंबोसारखी असतात?" असं म्हणून त्याने पोळीचा तुकडा आंब्याकडे भिरकावला.

त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, आणि तिला चीड येत होती ती त्याचीच. कुत्र्याला धावायला हवं, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दुकानातून घरी आल्यावर जंबो दाराशी कसा अंग पिळवटून उभा असतो ते तीच बघत होती. तिचा जीवही होता त्याच्यावर. तिच्या आजारपणात तो तिच्या पायांवर डोकं ठेवून दोन दिवस हलला नव्हता. साखळी धरून त्याच्याबरोबर डोंगर चढला असता चिंतामणी, पहाटे वरच्या टोकापर्यंत घेऊन गेला असता, तर कुत्रा दमून दिवसभर झोपला असता. पण त्यासाठी साखळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. चिंतामणीला कुत्रा हवा होता. टोक नको होतं.

सकाळी ती भांडी आणि गंधारचा डबा घेऊन पाणवठ्यावर गेली. डब्याला अजून तेलाचा वास होता, म्हणून तिने राख घेऊन तो दुसऱ्यांदा घासायला घेतला. ऊन नुकतं कारवीच्या शेंड्यांना लागत होतं. वरच्या अंगाने शेरड्या उतरत होत्या, त्यांच्या खुरांखालचे बारके दगड घरंगळत येत होते, आणि मागे कुठेतरी बाईमाणसाचा 'हुर्र, हुर्र' असा आवाज येत होता. आकडा सुटल्याचा आवाज या वेळी तिला आला नाही. इतक्या लांबून येणार नव्हताच. तिला फक्त एक तपकिरी रेघ माळावरून येताना दिसली, आणि डबा हातात धरूनच ती उभी राहिली.

आधी तो खेळतच होता. हे तिला नंतर पुन:पुन्हा आठवत राहिलं. पुढचे पाय टेकून, ढुंगण वर करून, शेपूट हलवत तो शेरड्यांपुढे वाकला, मैथिलीपुढे वाकतो तसाच. शेरड्या उधळल्या, आणि त्या उधळण्याने त्याच्यात काहीतरी बदललं. शेपूट थांबली. अंग खाली गेलं. बाकीच्या शेरड्या उड्या मारत वर चढल्या, पण एका पांढऱ्या कानाच्या काळ्या शेरडीला ते जमेना. तिचं पोट दोन्ही अंगांना फुगलेलं होतं. ती वळली, घसरली, आणि त्याने तिला मागच्या मांडीला धरलं, अगदी कासेजवळ. शेरडी ओरडली ती माणसासारखी. "जंबो!" अनुपमाच्या छातीतून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. कुत्र्याने धरलेलं सोडलं. शेरडी तीन पायांवर उठली, आणि फाटलेला पाय ओढत, हुर्र हुर्र करणाऱ्या आवाजाच्या दिशेने वर गेली. जंबो मात्र दुडक्या चालीने अनुपमाकडे आला. कान मागे, शेपूट हलते आहे. तोंड नाकापासून गळ्यापर्यंत लाल होतं. त्याला शाबासकी हवी होती.

ती खाली बसली. तिने त्याचा जबडा डाव्या हाताने धरला, उजव्या हाताने डब्यात पाणी घेतलं, आणि धुवायला सुरुवात केली. विचार काहीच नव्हता. हात चालत होते, रोज चालतात तसे. पाणी तांबूस होऊन दगडांवरून ओघळत होतं. एक बाजू स्वच्छ झाली, ओले केस चोपून बसले, ओठाच्या कडेला चिकटलेला काळा केस तिने बोटाने काढला. पुन्हा पाणी घेण्यासाठी डबा बुडवला आणि हात पाण्यातच राहिला. हे आपण काय करतो आहोत? जिना पुसतो तसं? साड्या खळबळल्या तसं? ही दुसरी बाजू धुतली की कुत्रा इथे कधी आलाच नव्हता. ती नुसती भांडी घासून परत आली होती. चिंतामणीने तिला धू म्हणून सांगितलंही नव्हतं. त्याला कधी सांगावंच लागलं नव्हतं. पाण्याच्या गारव्याने तिची बोटं बधिर झाली तरी ती तशीच बसून राहिली, आणि तिला अंगभर एक संताप चढत गेला. त्याचा, कुत्र्याचा, आईच्या त्या झाकलेल्या वाटीचा. आणि सगळ्यात जास्त या स्वत:च्या शहाण्या, कामसू हातांचा. तिने डबा ओतून दिला. गळ्यातली ओढणी काढून पट्ट्यात ओवली, मुठीला दोन वेढे दिले आणि ती माळाकडे निघाली.

तंबूंपाशी माणसं जमली होती. चंदनची आई चंद्राबाई, काटकुळी, डोक्याला फडकं बांधलेली, हातात काठी, शेरडी घरच्या वाटेला लावून धावत खाली आली होती आणि तिचा श्वास लागला होता. "माजी शेरडी फाडलीन गो! गाभण शेरडी माजी! कुनाचा कुत्रा हाय तो?" चंदन मान खाली घालून उभा होता. चिंतामणी हातात ब्रश, तोंडाला पेस्टचा फेस, शांतपणे म्हणत होता, "मावशी, आधी नीट ऐकून घ्या. जंगल आहे हे. कोल्हा असेल, तरस असेल. तुमच्या वाडीचीही कुत्री फिरत असतात. आमचा कुत्रा कधी कुणाला काही करत नाही."

"साहेब, तुम्ही आत्ताच सोडलात त्याला," गंधार म्हणाला. "मी बघत होतो."

"सोडला ना. पण तो खालच्या अंगाला गेला. उगाच काहीतरी बोलू नका."

मग त्यांना अनुपमा दिसली. ओढणीला बांधलेला जंबो तिच्यापुढे चालत होता. अर्धं तोंड ओलं आणि स्वच्छ, अर्धं रक्ताने माखलेलं. श्रिया बापाच्या मागे लपली. "आमच्याच कुत्र्याने धरली," अनुपमा म्हणाली. "माझ्यासमोर."

"अनु, तू आत जा," चिंतामणी म्हणाला.

"नाही."

"बोला की आता कायतरी!" चंद्राबाईने काठी जमिनीवर आपटली. आणि सगळ्यांनी पाहिलं ते अनुपमाकडे. चंदनने, गंधारने, चिंतामणीनेसुद्धा. सवयीने. पुढचं वाक्य तिचं होतं. ते तिच्या घशात तयार होतं, नीट घडी घातलेलं : सॉरी हां, खरंच सॉरी, आम्ही भरून देऊ, त्यांच्या लक्षात आलं नाही. तिने ते गिळलं. "कुत्रा यांचा आहे," ती म्हणाली. "यांनी सोडला. हे बोलतील."

चिंतामणीचं तोंड थोडं उघडलं. पेस्टचा फेस हनुवटीवर ओघळला. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्या एखाद्या भिंतीने जागा बदलली होती. मग तो वळला, गाडीत जाऊन बसला आणि त्याने दार ओढून घेतलं. इतकंच. इतकी वर्षं ज्या क्षणाला ती घाबरत आली होती तो आला आणि त्यात एक दार लागल्याचा आवाज होता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट राग दुप्पट झाला. कारण चंद्राबाई तिथेच होती, वरती शेरडीचं रक्त जात होतं, आणि गाडीतला माणूस बोलेपर्यंत शेरडी थांबणार नव्हती. निस्तरायचं नाही म्हटलं तर मरणार शेरडी. निस्तरलं तर पुन्हा तेच. सापळाच होता हा. आणि तो कुणी मुद्दाम लावला होता असंही म्हणता येत नव्हतं. तिने जंबोला साखळी लावून आंब्याला बांधलं. "मैथिली, इथे बस. पप्पांनी सांगितलं तरी सोडायचं नाही." मैथिलीने मान हलवली आणि साखळीवर पाय ठेवून बसली. चंदन मोटारसायकल काढून पोलादपूरला गुरांच्या डॉक्टरला आणायला गेला. अनुपमाने गाडीचं मागचं दार उघडून औषधांची पेटी घेतली. पुढच्या सीटवरचा माणूस समोरच्या काचेतून बघत राहिला.

वाडीत चंद्राबाईचा म्हातारा, केरू, अंगणात मांडी घालून शेरडीचं डोकं मांडीवर धरून बसला होता. अनुपमाने कापडाची घडी जखमेवर दाबून धरली. तिला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. उन्हं वर आली. मध्येच शेरडीचं अंग आकसायला लागलं, केरू नुसता "टाकतेय" म्हणाला, आणि चंद्राबाईने गोणपाट पुढे सरकवलं. दोन पिल्लं पडली, दिवस भरायच्या आधीच, निर्जीव. केस आलेले होते, डोळे मिटलेले. एकाचा कान पांढरा होता. दुपारी डॉक्टर आला, त्याने टाके घातले, सुई दिली आणि सांगितलं की शेरडी जगेल, पण पुढे व्याली तरी त्या बाजूने दूध येईलच असं नाही. चंद्राबाईने पिल्लांवर गोणपाट ओढलं. अनुपमाने हात धुतले. बोटांना अजून रक्ताचा तो लोखंडी वास होता, आणि आता चंद्राबाई समोर एकटीच बसलेली होती. "मावशी," ती म्हणाली, "माफ करा आम्हाला."

चंद्राबाईने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तू कशाला गो माफी मागतेस? तू का चावलीस?"

अनुपमाला हसू येईल की रडू तेच कळेना. दोन्ही आलं नाही. ती ओट्याच्या कडेला टेकली. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. जिन्यातल्यांनी नाही, दुकानातल्यांनी नाही, साड्यांच्या बायकांनीही नाही; सगळ्यांनी तिची माफी घेतली होती, वाटी घ्यावी तशी, आणि दार लावलं होतं. चंद्राबाई ती घेत नव्हती. त्यात माया नव्हती, सांत्वन तर नव्हतंच. चुकीच्या घरी आलेलं पार्सल परत करावं तसं तिने ते परत केलं होतं. "तुजी शेरडी असती तर तू काय केला असतास?" चंद्राबाई पुढे म्हणाली. "चंदनला मी सांगितलाय. तंबू बंद. मानसा आली तर माजी ना नव्हती, पन असली मानसा नको." ते न्यायाचं होतं आणि अन्यायाचंही होतं, कारण पाटी लावणारा चंदनच त्यात बुडत होता. अनुपमाला त्यावर बोलायचं होतं, पण तिला कळलं की हेही आपण दुसऱ्याच्या वतीने बोलायला निघालो आहोत.

ऊन कलायला लागलं तेव्हा कुंपणाच्या झापापाशी चिंतामणी उभा असलेला दिसला. चढून आल्यामुळे त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. दिवसभर त्या गाडीत बसून त्याने काय केलं असेल कुणास ठाऊक. कदाचित ती खाली येण्याची वाट पाहिली असेल. कदाचित आंब्याखाली साखळीवर पाय ठेवून बसलेल्या मुलीने त्याच्याकडे पाहिलं असेल. तो आत आला नाही. केरू आणि चंद्राबाई दोघांना ओलांडून त्याने अनुपमाकडे पाहिलं. "शेळी कशी आहे?"

"त्यांना विचारा."

केरू विडी ओढत होता. चंद्राबाईने मान वर केली नाही. शेरडी भिंतीला टेकून उंबराचा पाला चघळत होती आणि अंगणात तेवढाच आवाज होता. चिंतामणीचे ओठ हलले, थांबले. त्याच्याकडे असली वाक्यं नव्हतीच, तिला दिसत होतं. बाजारात वाट चुकलेल्या मुलासारखा तो शब्द शोधत होता. ती वाक्यं तिच्याजवळ होती, ढिगाने होती, एखादं हळूच त्याच्या हातावर ठेवलं असतं तर तो सुटला असता. तिने दात आवळून धरले. जबडा दुखायला लागला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला. "मी सोडला त्याला. माझ्यामुळे झालं."

"व्हय," चंद्राबाई म्हणाली. "तुज्यामुलंच झाला."

ती उठली. माफ केलं असं म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. भिंतीला टेकलेली कुदळ तिने त्याच्या हातात दिली आणि गोणपाटाकडे बोट दाखवलं. "ती दोन पिल्ला पुरायची हायत. तिकडं, फणसाच्या पल्याड."

चिंतामणीने कुदळ हातात तशीच धरली. त्याने पुन्हा एकदा अनुपमाकडे पाहिलं. ती ओट्यावरून उठली नाही. मग त्याने खाली वाकून गोणपाट दोन्ही हातांनी उचललं, ते किती हलकं आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तो फणसाकडे गेला. थोड्या वेळाने कुदळीचा पहिला घाव ऐकू आला. माती नव्हती तिथे फारशी, वरवरच्या थराखाली कातळच होता. घाव दगडावर बसत होता, परत येत होता, पुन्हा बसत होता. मध्येच तो थांबला. बहुधा झालं असं त्याला वाटलं असावं.

चंद्राबाई अंगणाच्या कडेला गेली आणि हाताने डोळ्यांवर सावली धरून तिने तिकडे पाहिलं.

"आणखी खोल खना, सायब," ती ओरडून म्हणाली. "नायतर कुत्री उकरतात."